नेम धरण्यापूर्वी

मृगयेस निघालेल्या मनुष्याने बंदुकीवर बसवावयाच्या दुर्बिणीसाठी किती पैसा खर्चावा, हा प्रश्न धर्मजिज्ञासेच्या कक्षेत येतो असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तो बाजारभावाचा, फार तर शौकाचा प्रश्न वाटेल, आणि ज्याने तो मला विचारला त्यालाही तो तसाच वाटत होता. हा तरुण माझ्या नात्यातला. त्याचे घराणे तंजावरचे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापिली, तिच्या मागोमाग कावेरीकाठी उतरलेल्या देशस्थ कुटुंबांपैकी एक, ज्यांच्या देवघरात आजही मराठी आरती होते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच तमिळ सुरू होते. तो स्वतः आता टेक्सासमध्ये नोकरीस आहे. मी एके काळी शिकाऱ्यांच्या संगतीत पुष्कळ हिंडलो हे घरात सर्वांस ठाऊक, म्हणून त्याने मला लिहिले : "मामा, इथे हरणाच्या शिकारीचा परवाना सहज मिळतो. कचेरीतले सगळे जातात. रायफल मित्र देतो म्हणतो, दुर्बीण तेवढी माझी मला घ्यायची आहे. पण तीत फार पैसे घालायचे नाहीत. स्वस्तातली चालेल का?" आणि मग, दोन ओळी सोडून, "आई विचारते आहे की हे पाप नाही का. तिला काय सांगू?"

हे दोन प्रश्न त्याने निरनिराळे समजून विचारले. मला ते एकाच प्रश्नाची दोन टोके वाटतात, आणि ती जुळतात कोठे हे पाहण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या अगदी आग्नेय टोकास कोडिक्करै नावाचे गाव आहे. तिरुत्तुरैपूंडीहून वेदारण्यमकडे जाणारा रस्ता भाताची खाचरे हळूहळू मागे टाकतो, मग मिठागरांचे पांढरे ढीग लागतात (राजाजींनी १९३० साली तिरुचिरापल्लीहून पायी येऊन मिठाचा कायदा मोडला तो याच किनाऱ्यावर), आणि त्यापुढे, एका बाजूस पाल्कची सामुद्रधुनी व दुसऱ्या बाजूस बंगालचा उपसागर असा जो जमिनीचा कोपरा उरतो, त्यावर काटेरी झुडुपे, खुरटे सदाहरित रान आणि खारे गवताळ माळ पसरले आहेत. या माळावर काळवीट चरतात. तमिळ लोक त्यास वेळिमान म्हणतात. १९६७ साली मुख्यतः याच प्राण्यासाठी येथे अभयारण्य झाले. नर उन्हात उभा असला म्हणजे पाठीचा काळा रंग जवळजवळ निळा भासतो, पोटाचा पांढरा पट्टा दुरूनच डोळ्यांत भरतो, आणि पीळ पडलेली शिंगे मान मागे टाकल्यावर पाठीला टेकतील की काय असे वाटते. माणसाची चाहूल लागली की कळपातली एखादी मादी चारही पाय एकदम उचलून सरळ वर उसळते, तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि मग सारा कळप समुद्राच्या रोखाने निघतो. समुद्राच्या बाजूने कोणी येणार नाही हा हरणाचा हिशेब जुना आहे. इसापनीतीतली एकाक्ष हरिणी चांगला डोळा जमिनीकडे व आंधळा डोळा समुद्राकडे करून चरत असे, आणि नावेतून आलेल्या माणसांनी तिला टिपले, ती गोष्ट मला या किनाऱ्यावर आठवल्यावाचून राहत नाही.

याच रानात सर्वांत उंच अशी जी वाळूची टेकडी आहे, तिच्यावर 'रामर पादम्', म्हणजे रामाची पावले, पूजिली जातात. श्रीरामाने येथे उभे राहून लंकेकडे दृष्टी लावली अशी स्थानिक श्रद्धा. ज्या मृगामागे धावल्यामुळे लंकेकडे पाहण्याची वेळ आली, त्याच्याच जातीबांधवांनी या पावलांभोवती आज निर्भयपणे चरावे, यात कोणी योजना पाहो वा योगायोग पाहो, मला तरी तो प्रसंग विचारास प्रवृत्त करणारा वाटतो.

आता व्यवहाराची बाजू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचे नाव आहे. कोडिक्करैच्या माळावर त्याजवर बार टाकणारास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. उलटपक्षी टेक्सासमध्ये, जेथे हिंदुस्थानातील काळवीट १९३० नंतरच्या दशकात नेऊन सोडले गेले आणि जेथे आता त्यांचे मोठमोठे कळप खासगी कुरणांत वाढतात, तेथे तो 'परका' प्राणी असल्याने त्याच्या शिकारीस ऋतूचे बंधन नाही. परवाना काढावा, कुरणाच्या मालकाशी दर ठरवावा, आणि मारावा. माझ्या भाच्याला त्याच्या मित्रांनी याच जनावराचे नाव सुचविले होते. जो प्राणी एका मुलखात फौजदारीचा विषय तोच दुसऱ्या मुलखात दरपत्रकाचा विषय. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, पाकिस्तानात काळवीट उरले नव्हते तेव्हा, १९७० च्या सुमारास, ते अमेरिकेतूनच आणून लाल सुहांरा येथे सोडण्यात आले. म्हणजे शिकारीसाठी जोपासलेल्या कळपांनीच मूळ भूमीचे ऋण अंशतः फेडले. ज्यांना शिकारी व संरक्षक ही दोन वेगळी माणसे वाटतात त्यांनी ही नोंद विसरू नये.

मनूने यज्ञास योग्य असा देश कोणता हे सांगताना कृष्णमृगाचा वावर ही खूण दिली आहे, आणि त्या हिशेबाने टेक्सासही यज्ञभूमी ठरेल असे भाच्याने थट्टेने लिहिले होते. मनूची अट मात्र अशी की तो वावर निसर्गतः असला पाहिजे. जहाजातून उतरविलेला मृग चालणार नाही. थट्टा बाजूस ठेविली तरी कायद्याने प्रश्न सुटत नाही हे उघड आहे. कायदा अंमलाच्या हद्दीपुरते बोलतो. भाच्याच्या आईचा प्रश्न हद्दीपलीकडला आहे.

आपल्या पुराणेतिहासात मृगयेच्या कथा विपुल आहेत, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांतील बहुतेक थोर अनर्थ नेम चुकल्यामुळे झालेले नाहीत. दशरथाचा बाण बरोबर लागला. शरयूच्या काठी, पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्री, घागर बुडविल्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला आणि आपण ज्यास श्रावणबाळ म्हणतो त्या तापसकुमाराचा वेध घेतला. जरा नावाच्या व्याधाचाही बाण बरोबर लागला. झाडाखाली योगस्थ पहुडलेल्या श्रीकृष्णास त्याने मृग मानले आणि तळपायावर शर सोडला. रामाने मारीचास मारले तेव्हाही नेम अचूक होता; फक्त मृग मृग नव्हता. राहिला पांडू. त्याने दिवसाढवळ्या पाहिले, मृगच पाहिला, आणि बाण सोडला. तो मृग किंदम ऋषी निघाला आणि त्याचा शाप कुरुकुलाला भोवला. या चौघांना एका ओळीत उभे केले तर एक क्रम दिसतो. दशरथाने पाहिलेच नाही, जरेने अर्धवट पाहिले, रामाने स्पष्ट पाहिले पण जे पाहिले ते खोटे होते, आणि पांडूने स्पष्टही पाहिले व बहुतांशी खरेही पाहिले. (हरिण मारल्याने पांडू बुडाला आणि हरिण पाळल्याने भरत बुडाला, तेव्हा या प्राण्यापासून चार हात दूर राहणे बरे, असे आमच्या एका वृद्ध कीर्तनकारांचे मत होते.)

दुर्बीण या चौघांपैकी पहिल्या दोघांस खचित तारील. तिचे कार्य तेवढेच आहे, आणि ते थोडे नाही. संधिप्रकाशात, म्हणजे हरिण रानाबाहेर पडण्याच्या नेमक्या वेळी, शंभर पावलांवर हलणारे तपकिरी काहीतरी गाय आहे, गवत आहे, की गवत कापणारी बाई आहे, याचा निर्णय उघड्या डोळ्याने दर वेळी होतोच असे नाही. येथे भिंगांचे गणित पाहावे. बाजारात सर्वांत अधिक खपणाऱ्या दुर्बिणीवर ३–९×४० असे आकडे असतात : ती वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत जवळ आणते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असतो. या व्यासास पटीने भागले असता डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. चारपटीवर ती १० मिलिमीटर, नऊपटीवर जेमतेम साडेचार. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढते तशी कमी. म्हणजे संधिप्रकाशात पट वाढवावी तसे चित्र मोठे होते आणि अंधारते. शिवाय दृष्टीची कक्षा आक्रसते : शंभर यार्डांवर तिपटीने सुमारे ३३ फूट रुंदीचे रान दिसते, नऊपटीने सुमारे ११ फूट. जो जवळ पाहतो त्याला थोडे दिसते. नवखा ग्राहक मोठ्या पटीस भुलतो, आणि अल्प किमतीत मोठी पट देणारा कारखानदार भिंगाच्या दर्जात कसर करतो हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तंजावरच्या सरफोजीराजांस, ज्यांनी १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केले आणि ज्यांच्या आज्ञेने कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ पासून आहे, हे गणित आवडले असते. त्यांस नेत्रवैद्यकाचा छंद होता. मोतीबिंदू व इतर नेत्ररोगांच्या रोग्यांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप जपलेल्या आहेत. बाहुलीवर सारा आलेले ते रंगविलेले डोळे पाहताना वाटते, की राजेपणाची जी व्यसने शास्त्रकारांनी मोजली त्यांत मृगया पहिली, आणि येथे एक राजा डोळा नेम धरण्यासाठी न वापरता परक्याचा डोळा उघडण्यासाठी वापरीत होता. असो.

स्वस्त दुर्बिणीचा खरा दोष अंधुकपणात नाही. अंधुक दिसले तर शहाणा माणूस बार टाकीत नाही. खरा दोष असा की ती स्पष्ट दाखवूनही खोटे बोलते. आत जी तारांची फुली असते ती बारीक मळसूत्रांनी व कमानीने धरलेली असते. खुंटी एक टप्पा फिरविली की शंभर यार्डांवर गोळी पाव इंच सरकते असा हिशेब. हलक्या मालात प्रत्येक बाराच्या धक्क्याने ही कमान सैल होते आणि फुली आपली जागा सोडते. शिकारी फुली बरगड्यांमागच्या मर्मावर ठेवतो, चाप ओढतो, आणि गोळी पोटात जाते. पोटात गोळी बसलेले हरिण पडत नाही. ते धावते, कोस-कोस धावते, झुडुपात दडते, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मरते. रक्ताचा माग काढीत जाणारास वाटेत गवतावर पालापाचोळा मिसळलेला हिरवट ओघळ दिसला की तो ओळखतो काय झाले ते. ज्याने हा माग एकदा काढला तो दुर्बिणीच्या किमतीविषयी सहसा घासाघीस करीत नाही.

येथे तिरुवारूरची कथा आठवते. त्या नगरीच्या मनुनीती चोळाने राजवाड्याच्या दारी न्यायाची घंटा बांधली होती. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मेले. गाईने येऊन घंटेची दोरी ओढली. राजाने चौकशी केली आणि पुत्रालाही रथाखालीच घालण्याचा हुकूम केला. प्रधानाच्याने तो बजाववेना, त्याने स्वतःचाच अंत करून घेतला, तेव्हा राजाने स्वहस्ते रथ हाकला. पुढे त्यागराजस्वामींनी, म्हणजे तेथील शिवाने, सर्वांस जिवंत केले, आणि त्या प्रसंगाचा दगडी रथ मंदिराजवळ आजही दाखवितात. या कथेतील क्रौर्याने मी दीर्घकाळ अस्वस्थ होतो, आजही आहे. परंतु तिच्यात एक कठोर तत्त्व आहे. राजपुत्राने वासरू पाहिलेच नव्हते. त्याचा कसूर एवढाच, की जे चालविण्याचे साधन त्याच्या हाती होते त्याच्या वेगाला पुरेल इतके त्याने पाहायला हवे होते. साधन जितके दूर मारते तितके दूर पाहण्याची जबाबदारी साधनधारकावर येते, आणि 'मला दिसले नाही' ही सबब फिर्याद दाखल झाल्यावर टिकत नाही. त्या दृष्टीने स्वस्त दुर्बीण हा काटकसरीचा प्रश्न राहत नाही. वाचविलेल्या पैशाची भरपाई कोण करतो, हा प्रश्न होतो.

याच प्रदेशात ठासणीची बंदूक घेऊन हिंडणाऱ्या नरिकुरवर जमातीच्या लोकांना दुर्बीण कधी लागली नाही. त्यांची बोली गुजराती-मराठीच्या जवळची, आणि आमचे पूर्वज उत्तरेकडून आले असे ते सांगतात. कोल्हे व पाखरे ही त्यांची शिकार. बंदुकीचा पल्ला इतका तोकडा की जनावराच्या अगदी जवळ जावे लागे, आणि जवळ जाण्यासाठी त्याच्या सवयी, वारा, त्याच्या झोपेची वेळ, हे सारे आधी ठाऊक असावे लागे. १९७२ च्या कायद्यानंतर तो धंदा बसला. आज ते मण्यांच्या माळा विकतात. मी त्यांच्या जीवनाचे गोडवे गाऊ इच्छित नाही, त्यात उपास फार होता. परंतु हे खरे, की त्यांच्या हातून जे जनावर मरे ते त्यांनी कैक तास पाहिलेले असे.

आता मुख्य मुद्दा, जो मला शिकाऱ्यांच्याच एका साध्या नियमाने शिकविला. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळू नये. न्याहाळण्यासाठी गळ्यात वेगळी, दोन डोळ्यांची दुर्बीण असावी. तिने पाहावे, ओळखावे, निश्चय करावा, ती खाली सोडावी, आणि त्यानंतरच बंदूक खांद्याला लावावी. याचे कारण उघड आहे : बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे पाहिले त्याच्यावर नळी आधीच रोखलेली असते, मग तो मनुष्य का असेना. सुरक्षिततेसाठी सांगितलेल्या या नियमात मला एक फार मोठे तत्त्वज्ञान दिसते. जे पाहणे मारण्याच्या साधनावर बसविलेले आहे, त्या पाहण्याला एकच उत्तर ऐकू येते. ते पाहत नाही, ते फक्त खात्री करून घेते. म्हणून पाहणे आणि मारणे यांमध्ये एक फट ठेवावी लागते, हात रिकामे असण्याची. आणि धर्माला शिरायला वाट मिळाली तर त्याच फटीतून मिळते.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा आपण मुलांना एकाग्रतेचा पाठ म्हणून सांगतो. युधिष्ठिराला काय दिसते म्हणून विचारले, तेव्हा त्याने झाड, पक्षी, भाऊ, आणि स्वतः आचार्य, असे सारे दिसते म्हणून सांगितले, आणि तो नापास झाला; अर्जुनाला केवळ पक्ष्याचे डोके दिसले (आपल्या कथांत डोळा म्हणतात, महाभारतात डोके आहे), आणि तो उत्तीर्ण झाला. अर्जुनाचे उत्तर हे नऊपटीच्या दुर्बिणीचे उत्तर आहे : अकरा फुटांच्या बाहेर जग नाही. धनुर्विद्येच्या परीक्षेत ते योग्यच होते, कारण झाडावरचा पक्षी कारागिरांनी केलेला होता. त्यात रक्त नव्हते. परंतु मुलांना हा पाठ सांगताना आपण पुढचा पाठ सांगावयाचे विसरतो. तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर, शस्त्रे चालू होण्याच्या क्षणी, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करण्यास सांगतो, कशासाठी, तर ज्यांच्याशी लढायचे त्यांस आधी पाहू दे म्हणून. आणि तेथे त्याला युधिष्ठिराचे उत्तर दिसते : आजे, आचार्य, मामे, भाऊ, पुत्र, सारे. तेव्हा गांडीव हातातून गळते. गीतेचा उपदेश त्यानंतर सुरू होतो. आधी होणे शक्यच नव्हते. शेवटी अर्जुन लढला हे मान्य. परंतु तो पाहून लढला, आणि ज्याने त्याला लढविले त्याने त्याचे पाहणे मोडून काढले नाही, उलट त्याला विश्वरूपापर्यंत वाढविले.

कावेरीकाठच्या शिवालयांत, मग ते तंजावरचे थोरले देऊळ असो वा एखाद्या खेड्यातले, त्रेसष्ट नायन्मार संतांच्या रांगेत धनुष्यबाण घेतलेला कण्णप्प हटकून आढळतो. तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात त्याची चोळकालीन कांस्यमूर्तीही आहे. सेक्किळाराने बाराव्या शतकात पेरियपुराणम् रचले त्यात त्याचे चरित्र आहे. तो व्याध होता. काळहस्तीच्या रानातील लिंगास तो शिकारीचे मांस आधी स्वतः चाखून मग अर्पण करी, आणि तेथल्या पुजाऱ्यास त्याचा विटाळ वाटे. एके दिवशी लिंगाच्या डोळ्यातून रक्त वाहू लागले. कण्णप्पाने बाणाच्या टोकाने आपला डोळा काढून तेथे लावला, रक्त थांबले. मग दुसऱ्या डोळ्यातून वाहू लागले. आता दुसराही डोळा काढला तर जागा दिसणार कशी? म्हणून त्याने पायाच्या अंगठ्याने लिंगावरील ती जागा दाबून धरली, आणि बाण पुन्हा उचलला, तोच शिवाने हात धरला. या कथेतील भक्तीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला तिच्यातला शिकारी सोडवत नाही. आंधळे होण्यापूर्वी लक्ष्याची खूण करून ठेवण्याची ती बुद्धी, ती केवळ नेमबाजाची आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या मर्मावर वापरलेले कौशल्य त्याने स्वतःवर वापरले, आणि कौशल्य म्हणून ते तसूभरही कमी झाले नाही. आणि ज्या शिवासाठी हे केले, त्याच्या दक्षिणेकडील मूर्तींत एका हाती परशू व दुसऱ्या हाती उसळणारे हरिण असते. दारुकवनातल्या ऋषींनी ते त्याच्यावर सोडले होते असे म्हणतात. त्याने मारले नाही, बोटांत धरले.

यावर कोणी म्हणेल, की मृगया सर्वथैव निंद्य ठरविण्यासाठी एवढा फेरा घालण्याचे कारण नव्हते. मी ती सर्वथैव निंद्य ठरवीत नाही. कौटिल्याने व्यसनांची तुलना करताना मृगयेची बाजू मांडली आहे : व्यायाम होतो, कफ, मेद व स्वेद यांचा नाश होतो, स्थिर व चल लक्ष्यावर हात बसतो, आणि कोपात व भयात प्राण्यांचे चित्त कसे असते याचे ज्ञान होते. हा शेवटचा लाभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच दुर्बिणीने बुडतो; तीनशे यार्डांवरून टिपलेल्या जनावरास ना कोप येण्यास वेळ मिळतो ना भय. मरण सोपे होते, हा त्याचा फायदा. पण मारणाराला काही कळत नाही. शिवाय टेक्साससारख्या मुलखात, जेथे लांडगा उरलेला नाही, तेथे हरणांची वाढ कोणीतरी रोखली पाहिजे हेही मला मान्य आहे. ज्याला हे पटते त्याने मारावे, नीट मारावे, आणि मारलेले खावे.

परंतु पांडूची गोष्ट तरीही उरते. शाप देताना किंदमाने राजाला मृग मारल्याबद्दल दोष दिला नाही. राजे मृग मारतात हे तो ऋषी असून मान्य करतो. त्याची तक्रार एवढीच होती, की मी सहचरीसह रममाण होतो, आणि तू थांबला नाहीस. पांडू युक्तिवाद करतो, अगस्त्याचा दाखला देतो, मृगयेचा अधिकार सांगतो; थांबण्याविषयी त्याच्यापाशी उत्तर नसते. त्याला सर्व काही दिसत होते. दोघे आहेत हेही दिसत होते. कोणतेही भिंग त्याला यापेक्षा अधिक दाखवू शकले नसते.

भाच्याला मी जे कळविले ते असे. बंदुकीवर चारपटीची, न बदलणाऱ्या पटीची दुर्बीण घे. तितक्याच पैशांत मिळणाऱ्या नऊपटीच्या दुर्बिणीहून तिचे भिंग चांगले असते, तिच्यात बिघडण्याजोगे भाग कमी असतात, आणि दीडशे यार्डांच्या आत, जेथे बहुतेक हरणे मारली जातात, तिच्याहून अधिक काही लागत नाही. ती बंदुकीवर बसविणाऱ्या कड्या मात्र हलक्या घेऊ नकोस. पुष्कळ जणांची फुली दुर्बिणीमुळे नव्हे तर कड्यांमुळे हलते. विकत घेतल्यावर चांदमारीच्या मैदानात आधी एक बार काढ, मग खुंट्या वीस टप्पे वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून प्रत्येक वेळी बार काढ. शेवटची गोळी पहिल्या भोकापाशी आली नाही तर ती दुर्बीण दुकानदारास परत कर, जनावरावर वापरू नकोस. वाचलेले पैसे गळ्यातल्या दुर्बिणीवर घाल, तीत कसर करू नकोस. पहिले वर्षभर बंदूक घरी ठेवून तीच घेऊन जा. आईला हे वाचून दाखव; तिचे समाधान होईल असे नाही. आणि तुझे मित्र सांगतात त्याप्रमाणे, ठरलेल्या वेळी मका सांडणाऱ्या पिंपासमोर मचाणात बसून, मान खाली घालून खाणाऱ्या काळविटाला साठ-सत्तर यार्डांवरून मारावयाचे असेल, तर त्यासाठी कसलीच दुर्बीण विकत घेऊ नकोस. नळीच्या टोकावरची माशी तेवढ्याला पुरते.